रिकाम्या पाळण्याची घुटी

नाशिकरोडला आमच्या शेजारच्या घरात बाळघुटी तयार व्हायची. नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, मी तान्ह्या मुलीला घेऊन दिवसभर घरी; त्यामुळे शेजारचं उकळणं, गाळणं, बाटल्या भरणं सगळं मला दिसायचं. बाटलीवर रिकामा पाळणा छापलेला आणि खाली मालकांचे शब्द : 'माझं बाळ औषधावाचून गेलं. तुमचं जाऊ नये.'

मला ते पहिल्यापासून खोटं वाटायचं. आपल्यात रिकामा पाळणा नुसता हलवूही देत नाहीत, आणि या काकांनी तो बाटलीबाटलीवर छापला! ज्याचं खरंच गेलंय त्याचा हात धजेल का? शिवाय दुकानदारांना ही गोष्ट सांगताना काका दर वेळी एकाच वाक्याला चष्मा काढायचे. काकू तेव्हा तिथे कधीच थांबायच्या नाहीत. गिऱ्हाइकाला रडवून माल खपवतात, असं मी नवऱ्याला म्हणायची. तो हसायचा. "तू देवालासुद्धा पारखून नमस्कार करशील."

मग एकदा त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा पेपर मागायला आला. दारातल्या उजेडात त्याच्या नाकपुडीवर बुजलेलं भोक दिसलं. आधीचं मूल गेलं की पुढच्या मुलाचं नाक टोचतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. म्हणजे बाळ खरंच गेलं होतं. मला माझीच लाज वाटली.

त्या उन्हाळ्यात मुलीला जुलाब लागले. दुपारपर्यंत ती इतकी मलूल झाली की रडायचीही थांबली. मी तिला घेऊन शेजारी धावले. काकांनी बाटली हातात दिली. "घाबरू नको पोरी. थोड्या थोड्या वेळानं चमचा पाज, उद्या खेळायला लागेल."

मी बाहेर पडले तशा काकू मागोमाग आल्या आणि त्यांनी बाटली काढूनच घेतली.

"हे नको पाजू. रिक्षा कर आन् डॉक्टरकडं ने. आत्ताच्या आत्ता."

"पण काकू, तुमचं बाळ तर..."

"औषधावाचून नाय गेलं ते. हेच पाजत बसलो व्हतो आम्ही. उद्या उतार पडंल, उद्या पडंल म्हनत."

मी अनवाणीच रिक्षा गाठली. सलाईन लागलं, मुलगी वाचली. काकांवरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. ते नुसते खोटं बोलत असते तर मी सोडून दिलं असतं. पण बाटलीवरचं त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.