लाल ठिपका

नुकत्याच छापलेल्या कागदाचा वास आला की एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आठवतं. हडपसरच्या विहिरींचं पाणी तपासून मी संगणकावर नकाशा केला होता. सगळे ठिपके हिरवे, म्हणजे पाणी पिण्याजोगं; फक्त आमच्या वस्तीतल्या विहिरीचा लालभडक, म्हणजे दूषित. “अहो, हा चुकलाय. काढून टाका, नकाशा स्वच्छ दिसेल,” मार्गदर्शक सर म्हणाले. मी पुन्हा तीनदा पाणी तपासलं, आकडा तोच. “सर, नकाशा स्वच्छ होईल, पाणी नाही होणार,” मी म्हणाले. सरांनी सही न करता प्रबंध परत ढकलला. मी तडक नारायण पेठेत जाऊन नकाशा मोठा छापून घेतला आणि विहिरीच्या कठड्यावर चिकटवला. त्या संध्याकाळपासून आईनं तिथलं पाणी भरणं सोडलं. सहीसाठी मला वर्षभर थांबावं लागलं. आजही थांबेन, पण ठिपका काढणार नाही.