स्टुलापासून चार पावलं

पाळणाघरातल्या मावशींच्या हाताखालून तीस वर्षांत किती मुलं चालती झाली, याची गणती नाही. पण चालायला त्यांनी कुणालाच शिकवलं नाही. जमिनीवर सोडा, नाद लावून द्या, बाकीचं पाय बघून घेतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी एक दीड वर्षाची मुलगी होती. दिसेल तिथे ठाण मांडून बसायची, म्हणून सगळे तिला ठाणेदार म्हणत. कुठे जायचं झालं तर बुडावर सरकत जाई. तिची आई हॉस्पिटलात नर्स. संध्याकाळी न्यायला आली की चपला काढायच्या आधी विचारायची, आज उभी राहिली का?

मावशींनी घाई केली नाही. गाद्या एकावर एक रचून चढण केली. ठाणेदार पालथी होऊन ती चढू लागली. फ्रिजच्या खोक्याचा बोगदा केला. पलीकडून मावशी वाकून "भो" करत, त्या नादाने ती रांगू लागली. मग स्टूल ढकलायचा खेळ. रिकामं स्टूल पळतं आणि मूल तोंडावर आपटतं, म्हणून त्याला वाळूची पिशवी बांधलेली.

एका दुपारी चेंडू घरंगळत गेला आणि ठाणेदारने स्टूल सोडलं. चार पावलं टाकली, धप्पकन बसली आणि आपल्याला कुणी ढकललं ते मागे वळून बघू लागली. सोबतच्या बाईंनी फोन काढला. मावशींनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. तिच्या आईला सांगायचं नाही."

संध्याकाळी आईला त्या एवढंच म्हणाल्या की आज घरी गेल्यावर जरा लेकीसमोर जमिनीवर बसा, दुसरं काही काम काढू नका.

सकाळी आई आली ती डोळे पुसतच.

"चालली, मावशी. सरळ माझ्याकडे आली."

तिने सगळं दोनदा सांगितलं. मावशींनी दोन्ही वेळा ते नव्याने ऐकलं. जाता जाता तिने विचारलं, तुमचा मुलगा कितव्या महिन्यात चालला होता?

"अकराव्या," मावशी म्हणाल्या. "असं जाऊबाई सांगतात."

तेव्हा मावशी या कामात नव्या होत्या. लोकांची सहा मुलं सांभाळून घरी आल्या, तर जाऊबाईंनी हौसेने ही बातमी दिली. त्यात त्यांची काय चूक? मावशींनी पिशवीही खाली ठेवली नाही, तशाच मुलाला हाका मारत बसल्या. पोर झोपेला आलेलं, जागच्या जागी पेंगलं. पुढचे दोन दिवस तेच. चौथ्या दिवशी तो त्यांच्या देखत चालला, पण त्यांच्या मांडीवरून उठून, जाऊबाईंकडे. त्याची पाठ आणि पाठीवरचं चुरगळलेलं झबलं त्यांना अजून दिसतं.

मुलगा आता परगावी असतो. रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, मग म्हणतो, बाकी काय? बाकी हेच असतं. पण ते ऐकून त्याने तरी काय करायचं? मावशी म्हणतात, बाकी सगळं ठीक.