गजरा म्हशीला लावलेलं मॅनेजमेंट

आमच्या घराण्यात एमबीएला गेलेली मी पहिली, आणि आप्पांच्या म्हणण्याप्रमाणं शेवटची.

आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर उभं राहायचं आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायची, हा आमचा तीन पिढ्यांचा धंदा. मध्ये पिशवी नाही, फ्रीज नाही, आणि पाणी तर नाहीच नाही. म्हैस ते पेला, पेला ते मिशी! कट्ट्यावर आमच्या दोन म्हशी असायच्या. एक म्हातारी, तिला ऐकू कमी यायचं. दुसरी गजरा. काळीभोर, शिंगं अशी वळलेली की जत्रेत बक्षीस मिळावं, आणि दूध असं की पैलवान लोक तालमीतून थेट तिच्याकडं यायचे. आप्पांचा सगळा डौल गजराच्या जिवावर.

या सुखी संसारात माझं कॉलेज शिरलं. दुसऱ्या वर्षाला जायच्या आधी दोन महिने एखाद्या कंपनीत प्रकल्प करायचा असतो. वर्गातली सगळी पोरं पुण्याला गेली, मला कुणी घेतलं नाही. (मुलाखतीत मी फार चुळबूळ करते म्हणे. बसूनच राहायचं असतं तर म्हैसच झाले नसते का!) शेवटी आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "घरचा व्यवसाय घे. पण नुसतं वर्णन नको. काहीतरी सुधारणा करून दाखव. शेवटच्या दिवशी मी स्वतः बघायला येईन. सुधारणा नसेल तर प्रकल्प नापास, आणि प्रकल्प नापास म्हणजे वर्ष गेलं."

झालं! सहा आठवडे मी वही घेऊन कट्ट्यावर उभी. माल उत्तम, जागा उत्तम, गिऱ्हाईक बांधलेलं. सुधारायचं काय? माझा जीव नुसता वरखाली. आणि मग एका संध्याकाळी सुटाबुटातले एक गृहस्थ आले आणि त्यांनी आप्पांना विचारलं, "दूध ताजं आहे ना?"

"न्हाय!" आप्पा म्हणाले. "गेल्या दिवाळीत काढून परत म्हशीत भरून ठेवलंय! डोळं हायती न्हवं, पावणं?"

मी वहीत लिहिलं, 'ग्राहकसंवाद: चिंताजनक.'

त्यांच्या मागं नाना उभे होते. नाना म्हणजे एके काळचे नामी पैलवान, आता पंच्याहत्तरीला टेकलेले, रोजचे दोन पेले.

"ये म्हाताऱ्या! अजून हाईस व्हय?" आप्पांनी विचारलं.

"तुला खांदा दिल्याशिवाय जात न्हाय की!"

दोघं खो खो हसले. मी लिहिलं, 'ज्येष्ठ ग्राहकांशी वागणूक: अत्यंत चिंताजनक.' तेवढ्यात आप्पा गजराच्या कासेला बसले, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा खऱ्या अर्थानं सुटला. "उभी ऱ्हा की काळतोंडे! कुणाच्या वरातीला निघालीयास? बसून खातीस आन् वर शेपटी मारतीस व्हय गं, सटवे!" (यानंतर दोन शब्द होते. ते छापले तर छापखान्याचं शटर बंद होईल.) मी लिहिलं, 'कर्मचाऱ्यांशी वागणूक: पोलिसांत देण्यासारखी.'

सुधारणा सापडली! घरी येऊन मी जाहीर केलं, "आप्पा, उद्यापासून शिव्या बंद."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"मी कवा शिव्या देतो गं, आयला!"

आईनं पदर तोंडाला लावला. मी त्यांना सरांचं बोलणं सांगितलं. आप्पा थोडा वेळ कान खाजवत बसले.

"वरीस जाईल व्हय तुझं?"

"जाईल."

"मग ऱ्हायलं. सर येऊन जाऊस्तवर तोंडाला कुलूप."

ज्या माणसानं जन्मात तहसीलदारालासुद्धा 'अहो' म्हटलं नाही, त्यानं माझ्यासाठी हा शब्द दिला होता. मला तेव्हाच भरून यायला हवं होतं. मी मात्र गिऱ्हाइकांच्या रांगेसाठी नंबरची टोकनं छापून आणायला राजारामपुरीला पळाले.

मी आप्पांना एका कार्डावर वाक्यं लिहून दिली. 'नमस्कार, आपलं स्वागत आहे. आपल्याला किती पेले हवेत? धन्यवाद, पुन्हा या.' आणि खाली गजरासाठी एक, 'गजरा, कृपया सरळ उभी राहा.' आप्पा आरशासमोर उभं राहून पाठ करायला लागले, तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि विचारायला लागली, "कोण पावणं आल्यात? च्या टाकू का?"

पहिल्या संध्याकाळी आप्पा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात कट्ट्यावर. नाना आले. आप्पांनी हात जोडले.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे."

नानांनी वळून आपल्या मागं कोण आलंय ते बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"आपल्याला किती पेले हवेत?"

नानांनी आप्पांच्या कपाळाला हात लावला. मग दुसऱ्या हातानं मला बाजूला ओढलं आणि पडलेल्या आवाजात विचारलं, "डॉक्टर काय म्हनला? किती दिवस हायती?"

दुसऱ्या दिवशी अर्धी पेठ आप्पांना बघायला कट्ट्यावर लोटली. कुणी केळी आणली, कुणी शहाळी. एका जुन्या मित्रानं तर गळ्यात पडून चाळीस वर्षांपूर्वीच्या भांडणाची माफी मागितली. आप्पा सगळ्यांना एकच उत्तर देत होते, "धन्यवाद, पुन्हा या." मी गर्दी मोजली आणि अहवालात चढता आलेख काढला.

आलेख चढत होता, दूध उतरत होतं. पहिल्या दिवशी "गजरा, कृपया सरळ उभी राहा" म्हटल्याबरोबर तिनं मान पूर्ण वळवून खाली कोण बसलंय ते बघितलं. बघून तिचं समाधान झालं नाही. ती या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर व्हायला लागली. दूध निम्मं निघालं. तिसऱ्या दिवशी पावशेर. पाचव्या दिवशी आप्पांचे अंगठे सुजले, पण पेल्याचा तळ ओला झाला नाही. गिऱ्हाईक म्हाताऱ्या म्हशीवर भागवावं लागलं. तिच्यात काही फरक पडला नव्हता.

मी काय स्वस्थ बसणार! कॉलेजात शिकवलेली माशाच्या काट्याची आकृती काढली. चारा, पाणी, हवामान, माशा, एकेका काट्यावर एकेक कारण. चारा बदलला. गजरानं तो आनंदानं संपवला. मोबाईलवर बासरी लावली. गजरानं मोबाईलचं कव्हर चघळलं. मग मला आठवलं की कर्मचाऱ्याला अन्न, निवारा, सुरक्षितता मिळाली की त्याला सन्मानाची भूक लागते. म्हणून मी तिला झेंडूचा हार घातला. तोही तिनं खाल्ला. जनावरांचे डॉक्टर आले, पुढून मागून तपासून म्हणाले, "म्हैस ठणठणीत आहे. तुमचं बीपी बघायला पाहिजे." आईनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. त्या धुरानं अख्खी गल्ली शिंकली, गजरा शिंकली नाही.

आणि घरी आप्पांचं कुलूप तसंच. एकदा जेवताना ते आईला म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?" आई ताट सोडून उठली आणि आत जाऊन रडायला लागली.

"लगीन झाल्यापासनं असं कधी बोलले न्हाईत गं," ती मला म्हणाली. "माझं काय चुकलं आसंल?"

"काही चुकलं नाही, आई. प्रकल्प आहे."

"मग सोड की त्येंचं तोंड! तोंड बंद झालं तवापासनं म्हस आडलीया, दिसत न्हाय व्हय तुला?"

"दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं होत नसतं. आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात हे."

"आन् दुसऱ्या सत्रात काय, डोळं झाकायला शिकवत्यात?"

मला राग आला. आईचं खरं निघालं असतं तर माझी सुधारणाच उडाली असती, त्यामुळं राग जरा जास्तच आला. पण गोठ्यात गेले तर आप्पा गजराच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. "आशीच दूध चोरत राहिली तर आटंल बघ ही," ते म्हणाले. "आन् एकदा आटली की संपलं." आवाज अगदी हळू. तरी मी म्हणाले, "परवा सर येऊन जाऊ देत, मग बघू." आणि ते "बरं" म्हणाले. वाद नाही, शिवी नाही, नुसतं "बरं"!

सर आले. मी उन्हाळ्यात ब्लेझर घातलेला, पायात नवे पातळ बूट, मागं फ्लेक्स, समोर टोकन धरलेली पैलवानांची रांग. (दवाखान्यात रांगेत बसल्यासारखे बिचारे गप्प उभे होते.) एक नंबरचं टोकन सरांच्या हातात.

आप्पांनी हात जोडले. "नमस्कार, आपलं स्वागत आहे. आपल्याला किती पेले हवेत?"

"वा!" सर मला म्हणाले आणि आप्पांकडं वळले. "एकच द्या."

आप्पा बसले. "गजरा, कृपया सरळ उभी राहा."

गजरा इकडून तिकडं. थेंब नाही.

"गजरा, कृपया."

शेपटीचा फटका आप्पांच्या गालावर बसला. सर घड्याळ बघायला लागले. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आटली वाटतं." आप्पांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या ओठांपर्यंत काय आलं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं, आणि माझं वर्ष जाऊ नये म्हणून ते गिळत होते तेही दिसत होतं. माझी मलाच लाज वाटली. 'आप्पा, काढा ते कुलूप' असं सांगायला मी पुढं झाले आणि त्याच क्षणी गजरानं आपला मागचा पाय उचलून माझ्या नव्या बुटावर ठेवला. सगळं वजन देऊन ठेवला!

पुढचं मी बोलले असं लोक म्हणतात.

"अगं ए काळतोंडे! पाय हाय का उखळ? कुणाचं दूध चोरतीस गं, सटवे? माझा बाप हात जोडतोय आन् तू शेपटी मारतीस? आठ दिवस झालं पेंड हाणतीयास, हार खातीयास, मोबाईल खातीयास! आता काय माझी डिग्री खातीस व्हय, भवाने?" आणि मग ते दोन शब्दही आले. ते मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. आवाज आप्पांचा, हेल आप्पांचा, ब्लेझर तेवढा माझा.

गजराची चुळबूळ थांबली. तिनं कान हलवले, पाय उचलून नीट जागेवर ठेवला आणि एक लांब सुस्कारा सोडला. आणि मग आवाज आला, चुर्र! चुर्र!

"सोडला!" आप्पा ओरडले. "पान्हा सोडला गं रांडंनं!" आठ दिवसांचं कुलूप तिथंच तुटलं. पेला फेसानं भरून वर आला आणि आप्पांनी तो सरांच्या पुढं धरला. "बघताय काय पावणं? पेला धरा की! फेस बसल्यावर काय कपाळाला लावणार हाय?"

"आलं रं आलं!" नाना रांगेतून ओरडले. "गडी वाचला!" आणि टोकनं फेकून सगळी रांग गजराभोवती जमली.

सरांनी पेला रिकामा केला. मिशी पांढरी झाली होती, पण चेहरा परीक्षकाचाच होता. "दूध छान आहे," ते म्हणाले. "पण नक्की सुधारणा काय झाली?"

मी एका पायावर उभी. सगळे शब्द आत्ताच संपले होते.

"झाली की!" धार न थांबवता आप्पा म्हणाले. "इतकी वर्सं माझा गळा बसला की धंदा बसायचा. आता घरात दुसरं माणूस तयार झालं. आन् बोलती तर काय, माझ्यापेक्षा खणखणीत!"

मला इतका आनंद कुठल्याही मार्कांनी झाला नव्हता. तो दिसू नये म्हणून मी वाकून बूट चोळत बसले. अहवालाचं शेवटचं प्रकरण मी त्या रात्री नव्यानं लिहिलं आणि त्याला 'उत्तराधिकारी नियोजन' असं नाव दिलं. त्यात प्रशिक्षणाची पद्धत तेवढी मोघम ठेवली. प्रकल्प पास झाला, वर्ष वाचलं, गजरा अजून दूध देते.

अडचण एवढीच की परवा एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेले होते. गुळगुळीत टेबलापलीकडं तिघं बसलेले. त्यांनी विचारलं, "हाताखालचा माणूस काम अडवून बसला, तर त्याच्याकडून काम कसं करून घ्याल?" एमबीएच्या दोन वर्षांत फक्त याच प्रश्नाचं उत्तर मी स्वतः करून शिकले आहे, आणि तेच मला तिथं देता आलं नाही.