आकाश निवडणाऱ्या जाईबाई

लघुग्रह शोधल्याबद्दल प्रवीण सरांचं हार्दिक अभिनंदन करणारा बॅनर वडवणीच्या बसस्टँडसमोर लागला, आणि चौथ्या दिवशी कळलं की सरांनी शोधलेला लघुग्रह म्हणजे कॅमेऱ्यातला डाग होता. बॅनरचा उतावळेपणा सरांचा स्वतःचाच. गॉगलवाला फोटोही त्यांनीच निवडला होता. बॅनर छापणारा त्यांचा दोस्त नवनाथ आता रोज फोन करायचा, "काय बे, तिथं प्लॉट पाडायचे का?"

परदेशातली एक संस्था मोठ्या दुर्बिणीतून काढलेले आकाशाचे फोटो शाळांना पाठवायची. एकाच जागेचे चार फोटो, थोड्याथोड्या वेळानं काढलेले. संगणकावर ते झपाझप पालटायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरकला तर तो लघुग्रह असू शकतो. पण संस्थेच्या पत्रात खाली लिहिलं होतं : ही तुमची दुसरी चूक, तिसरी झाली तर गट मोहिमेतून बाद. गटात आठवीच्या सहा पोरी, आत्ता सरांच्या मागं दाटीनं उभ्या. सरांच्या उतावळेपणापायी पोरींचं आकाश जाणार होतं. शेवटचे चार फोटो आज बाराच्या आत तपासून पाठवायचे होते, आणि अकरा वाजून गेले होते.

तेवढ्यात जाईबाई खिचडी शिजत ठेवून हजेरीचा आकडा लिहून घ्यायला आल्या. शाळेत खिचडी शिजवायला लागून त्यांना एकोणीस वर्षं झाली. शिक्षण चौथी, त्यानंतर सहा हंगाम ऊसतोड. त्यांच्या खिचडीत आजवर एकाही पोराच्या दाताखाली खडा आलेला नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा लावून तांदूळ चाळवला आणि विचारलं, "खरंच एकही खडा नाही?" तर जाईबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी येखादा ठिवू का, साहेब?"

"सर, काय निवडताय?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"आकाश," सर वैतागून म्हणाले. "दगड शोधतोय."

"दगड? मग मला कावून न्हाई बोलावलं?" जाईबाई सरळ खुर्ची ओढून बसल्या. "आन हे पडत कसं न्हाईत खाली?"

"सूर्याभोवती फिरतात ना. मंगळ आणि गुरूच्या मधे असे लाखो आहेत, जो तो आपल्या वाटेनं. गुरूची ओढ एवढी जबर, की त्यांचा मिळून एक ग्रह कधी जमलाच नाही."

"म्हंजे लाडू वळायला घेतला आन कुणीतरी ताटच हलवीत बसलं."

नऊ वर्षं हा धडा शिकवून सरांना हे सुचलं नव्हतं.

"फिरवा फोटू," जाईबाई म्हणाल्या. "हं, हे तर सूप घोळल्यावानी हाय. दाणा नाचतो. खडा नाचत न्हाई, एका चालीनं सरकत जातो."

सरांनी एका झगझगीत ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा?"

"ह्यो उड्या मारतोय. न्हाई."

"मग हा?"

"दोनच फोटूत हाय की. बाकीच्या दोनात कुटं गेलता?"

पोरी खिदळल्या. सर लाल झाले. जाईबाई मात्र पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. बारीक डोळे, ओठ हलताहेत. मग हळदीनं पिवळं झालेलं नख त्यांनी कोपऱ्यावर टेकवलं. "ह्यो."

तिथं सरांना आधी काही दिसेचना. मग दिसलं. धुळीच्या कणाएवढं काहीतरी, चारही फोटोंत. त्यांनी अंतर मोजलं. तिन्ही टप्पे सारखे, रेघ सरळ. माहीत असलेल्या लघुग्रहांची यादी उघडली. त्या जागी कुणीच नव्हतं! पोरी बाकावर चढल्या.

बाराला दहा मिनिटं कमी. सरांचं बोट बटणावर.

"जाईबाई, नक्की ना?"

"येकोणीस वर्षं झाली, सर. आला का कुणाच्या दाताखाली?"

सरांनी बटण दाबलं. आणि नेमका तेव्हाच स्वयंपाकखोलीकडून करपल्याचा वास आला.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खिचडी बुडाला लागली. वरची वर काढून पोरांना वाढली, पण पातेल्याचा तळ कोळसा. जाईबाईंनी कमरेवर हात ठेवले. "हे पातेलं तुमी घासायचं, सर."

"घासतो," सर म्हणाले. त्या घटकेला ते डोंगरही घासायला तयार होते.

आठव्या दिवशी उत्तर आलं. निरीक्षण प्राथमिक म्हणून स्वीकारलं. दगडाची वाट पुरती मोजून पक्की नोंद व्हायला काही वर्षं लागतील. गट मोहिमेत कायम. सर मैदानातून पोरासारखे पळत सुटले. "जाईबाई, तुमचा खडा घेतला त्यांनी! गट टिकला!"

जाईबाईंनी त्यांना तेच तीनदा सांगायला लावलं. "किती लांब हाय म्हणायचा?"

"असेल तीसेक कोटी किलोमीटर."

"आन मला हितनं दिसला!" त्या पोरींकडे वळून ओरडल्या, आणि तोंडाला पदर लावून लई वेळ हसत राहिल्या. मग पदर खाली आला.

"सर, पातेलं?"

"शनिवारी नक्की," सर म्हणाले आणि वर्गाकडे निघाले.

त्या दिवशी शनिवारच होता.