कळायला नको?

सासूबाई देवाशी मोठ्यानं बोलतात, हे मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी समजलं. आधी वाटलं, कोणी पाहुणे आलेत. जाऊन बघते तर खोलीत त्या एकट्याच. मांडीवर कोणाचा तरी कोट, आणि खिडकीबाहेर बघत सांगणं चाललंय, "मी रफूवाली. शिंप्याच्या दुकानावरचा तिसरा मजला, डावीकडचं दार. उजवीकडे वकील राहतात, त्यांचं वेगळं." मग मुलाच्या नोकरीचं, नळाला पाणी कमी येतं त्याचं, सगळं बैजवार.

मला हसू आवरेना. आमच्या माहेरी दोन सेकंद डोळे मिटले की झालं. देवाला काय सांगायचं, त्याला आधीच ठाऊक असतं, असं आई म्हणायची. माणसांच्या बाबतीत मात्र तिचा कायदा वेगळा होता. तोंड दिलंय ना, मग बोल. पोट दुखत असेल तर सांग, राग आला असेल तर सरळ भांड. सासरी सगळं नेमकं उलटं. देवाला किती जणांचं बघायचं असतं, त्याच्या कुठं लक्षात राहणार, म्हणून त्याला फोड करून सांगायचं. घरच्या माणसांनी मात्र न सांगता ओळखायचं. नाही ओळखलं की सासूबाई एवढंच म्हणायच्या, "कळायला नको?"

या दोन शब्दांनी मला पहिली चार वर्षं रडवलं. त्यांना चादर जाड हवी की पातळ, बहिणीकडे जायचंय की बहिणीनं इकडे यायला हवंय, मी आपली अंदाज बांधत बसायची. विचारायचीही सोय नव्हती. विचारलं की त्या दुखावायच्या, कारण विचारतात ती परकी माणसं.

कामात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचेच धागे काढायच्या, भोकावर आधी उभे भरायच्या, मग आडवे, एक खाली एक वर. झालं की गिऱ्हाइकापुढे कपडा टाकून म्हणायच्या, "शोधा." गिऱ्हाईक उजेडात धरून शोधत बसायचं आणि या गालातल्या गालात हसायच्या.

म्हणून शिंप्यानं एक दिवस कोट परत पाठवला, तेव्हा आम्ही सगळेच चपापलो. धागे असे चुकले होते की शेंबड्या पोरालाही दिसावं. सासूबाई कोट घेऊन धागे उसवायला बसल्या. नवऱ्यानं त्यांच्या डोक्यावर मोठा बल्ब आणून लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि आतून आवाज आला, "तिसरा मजला, डावीकडचं दार. उजवा डोळा. डावा बरा आहे, त्याला हात लावू नकोस. पंधरा दिवस काळे ठिपके उडतायत, मधेच वीज चमकते. काल संध्याकाळपासून कडेनं पडदा ओढल्यासारखं झालंय. मुलानं दिवा आणलाय. दिव्याचं काम नाही हे, म्हणावं त्याला."

पंधरा दिवस! मला रागही आला आणि भीतीही वाटली. पण आत जाऊन काय म्हणणार, तुमचं देवाशी चाललेलं बोलणं मी चोरून ऐकलं? नवऱ्याला फोन केला. म्हटलं, आईंच्या डोळ्याचं काहीतरी बिनसलंय, कारण विचारू नका, आत्ताच्या आत्ता या. तो आला आणि म्हणाला, "आई, चल, डोळे दाखवून येऊ." त्यांचा चेहरा असा काही उजळला! जिना उतरताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कळलं बाई त्याला." मी त्यांचा समज तसाच राहू दिला.

डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. डाव्या डोळ्यानं धडाधड, उजव्यानं अडखळत.

"काय त्रास होतो, आजी?"

सासूबाई गप्प.

"कधीपासून?"

त्या तशाच गप्प. त्यांच्या मनातलं मला लख्ख ऐकू येत होतं. एवढा शिकलेला डॉक्टर, याला कळायला नको? नवरा म्हणाला, "रफूचं काम करते, नजर ताणली जाते." डॉक्टर म्हणाले, "या वयात नंबर बदलतोच," आणि चष्म्याचा कागद लिहायला घेतला.

"आई," मी म्हटलं, "आज दुपारी खिडकीशी जे सांगत होतात, ते यांना सांगा. ठिपक्यांपासून."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. डॉक्टरांचं पेन थांबलं. डोळ्यात थेंब घातले, अंधार करून बराच वेळ तपासलं. म्हणाले, "आतला पडदा सुटत चाललाय. मधला भाग अजून शाबूत आहे. उद्या सकाळीच ऑपरेशन. थांबला असतात तर डोळा गेला असता."

नवरा औषधं घ्यायला मागे राहिला. परतताना टॅक्सीत त्या मला म्हणाल्या, "म्हणजे तुला कळलं नव्हतं. तू ऐकलंस."

"हो."

"आणि त्याला?"

"मी सांगितलं."

त्यांनी तोंड फिरवलं. डोळा वाचला तरी मी सासूला कायमची मुकले, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण पडदा जागेवर नीट चिकटावा म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर पालथं पडून राहायला सांगितलं. तोंड उशीत, कोणाचा चेहरा दिसायची सोय नाही. तीन दिवस मी वाटी, औषध, टॉवेल, सगळं मुकाट्यानं केलं. चौथ्या दिवशी उशीतून आवाज आला, "अगं, आहेस का इथं?"

"आहे."

"रागावलीयस?"

"नाही."

"मग बोलत का नाहीस? मला खालची फरशी सोडून काही दिसत नाही. तुझ्या मनात काय चाललंय?"

अकरा वर्षांत या घरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. तोंड असून मीसुद्धा बोलायचं विसरून गेले होते. मी पलंगाशी फरशीवर बसले. "आई, मला फार भीती वाटली होती," म्हटलं आणि पुढे रडूच फुटलं.

त्यांचा हात चाचपडत आला आणि माझ्या डोक्यावर थांबला. "पुसून घे नाक," त्या म्हणाल्या, "आणि पहिल्यापासून सांग. मी कुठं उठून चाललेय?"