उन्हात मांडलेले साचे

धुळ्यातल्या नूर महंमदला यंदाच्या माघापर्यंत गल्लीबाहेर कुणी ओळखत नव्हतं. होळीला लेकरांच्या गळ्यात-हातात घालायचे साखरेचे हार-कंगन करणारा माणूस. होळी सरली की तोही सरला. पण त्यानं आणि बायकोनं, अकबरीनं, एकाच दोऱ्यावर पाक ओतत ओतत एवढा लांब हार केला, की एक टोक दुकानात नि दुसरं थेट पाण्याच्या टाकीपाशी. जगातला सगळ्यात लांब साखरेचा हार! शिक्क्याचं सर्टिफिकेट आलं, मागोमाग कॅमेरे आले.

मग काय विचारता! दाढीला मेंदी लागली, ठेवणीतलं जाकीट निघालं. भुसावळच्या मेहुण्याला फोनवर सांगू लागला, "आज मुलाखत आहे, उद्या बोलू."

"नवरदेव, जरा पाकाकडे बघा," अकबरी म्हणायची. "गिऱ्हाइकं काय मुलाखत चघळणार आहेत?"

होळी तोंडावर असताना जळगावहून हेमराज नावाचा चॅनेलवाला आला. त्याला हौदातले ओले साचे कॅमेऱ्यात पाहवेनात. ते साचे नूर महंमदच्या आजानं सागवानात कोरलेले. दोन फळ्या एकमेकींवर बांधायच्या, मधल्या नक्षीत पाक ओतायचा. साखर चिकटू नये म्हणून हंगामभर ते पाण्यातच राहायचे. त्यातल्या एका साच्यातून कंगनावर जे फूल उमटायचं, ते धुळ्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

"चाचा, गच्चीवर ओळीनं मांडा. उन्हात काय नक्षी खुलेल! मी जेवून आलोच."

"तडकतील," अकबरी म्हणाली.

"अगं, जग बघणार आहे!" म्हणत नूर महंमदनं स्वतःच्या हातानं साचे वर नेले.

हेमराज जेवायला गेला तो कुणा पुढाऱ्याच्या सभेतच अडकला. खानदेशातलं फाल्गुनाचं ऊन कुणाची भीड ठेवत नाही. अकबरी दोनदा जिना चढून सांगून गेली. नूर महंमद छत्री धरून बसला होता खरा, पण स्वतःच्या डोक्यावर. जाकीट घातलेलं होतं ना! साच्यांवर धरायचं काही सुचलं नाही.

उन्हं कलताना हेमराज आला, झकास शूटिंग करून गेला. मग पाक ओतायला घेतला, तर फळ्या एकमेकींवर बसेनात. फुलाचा साचा मधोमध उकलला होता. पाक फटीतून ओघळून फरशीवर आला. अकबरी ओरडेल म्हणून तो वाट पाहत राहिला. तिनं नुसती भट्टी विझवली.

पुन्हा भिजवले, आवळून बांधले, वर दगड ठेवले. फळ्यांचा बाक गेला नाही, भेगही मिटली नाही.

होळीला दुकानात कारखान्यातले गुळगुळीत हार लटकले. शेजारच्या खेड्यातली धुरपदाबाई नातवाला कडेवर घेऊन आली. तिच्या सगळ्या लेकरांची पहिली होळी त्याच फुलाच्या कंगनानं झालेली.

"भाऊ, आपला फूलना कंगन कोठे शे?"

"यंदा नाही, अक्का."

"का रे? टीव्हीमा गया नि मोठा व्हयना का तू?"

त्याला खरं कारण सांगवेना. हाताला लागलं ते कंगन त्यानं पोराच्या मुठीत दिलं. पोरानं ते लगेच तोंडात घातलं आणि लाळ गाळत खुदकन हसलं. त्याला काही कमी वाटलंच नव्हतं. नूर महंमदला तेच जास्त लागलं.

ती गेल्यावर तो म्हणाला, "तू सांगितलं होतंस."

"हो," अकबरी म्हणाली आणि कारखान्याचा पुढचा हार खिळ्याला अडकवला.