सात घरचे डबे

घाटंजीच्या जिनिंगपुढं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, तेव्हा शाळकरी साधना बापाशेजारी गाडीवर बसून वजनकाट्यावर आपला नंबर कधी येईल त्याचा अंदाज बांधायची. आता त्याच अंदाजावर तिचं पोट होतं. एका कंपनीसाठी ती घरूनच, विमानतळावरच्या चेकिंगला किती माणसं येतील अन् एकेकाला किती सेकंद लागतील, हे कंप्युटरवर मांडून रांग किती मिनिटांची ते सांगायची.

आज त्या रांगेत तिची आई होती. बाजारात माल विकत आयुष्य गेलेली रुखमाबाई जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होती, तीही एकटी. धाकट्या रुपालीला दुपारी दिल्लीत पदवी मिळणार होती. "नागपूरले बावीस मिनिटं लागतीन चेकिंगले, आरामात जाजो," हे साधनानंच सांगितलेलं.

"आई, कुठं पोचली?"

"लाईनीत. लय माणसं हायेत व माय. अन् हा झोला जड होऊन राह्यला."

"झोला? सामान तर विमानाच्या पोटात टाकाचं होतं न!"

"कपडे टाकले. हे डबे हाती ठेवले. सात घरचे हायेत, चेपले म्हंजे?"

गल्लीतलं कोणी लेकराकडं निघालं की घरोघरून डबा येतोच. साधनाला हे काय ठाऊक नव्हतं? पण मांडणीत तिनं धरली होती माणशी एक बॅग. मशीनमध्ये स्टील काळं दिसतं, अन् काळं दिसलं की एकेक डबा काढून उघडायचा. तिनं आकडे बदलले. चौतीस मिनिटं. गेट बंद व्हायला उरली होती अठ्ठावीस.

"आई, डबे तिथंच ठेव!"

"काहून? सात घरी काय तोंड दाखवू?"

"अन् रुपालीले?"

तिकडून फोनच बंद.

बाप, देवराव, दारात उभा. "काय म्हणते तुहा कंप्युटर?"

"नाही पोचत म्हणते, बाबा."

"त्यानं तुह्या मायले बाजारात बसलेली पाह्यली काय?"

स्क्रीनवरचा चौतीसचा लाल आकडा हलेना. अठ्ठावीस मिनिटं सरली. वर दोन झाली, तीन झाली.

फोन वाजला.

"बसली व पोरी. खिडकीपाशी."

"अन् डबे?"

"लाईनीतच साऱ्याईची झाकणं काढली न मी! बाजारात माल झाकून ठेवते काय कोणी? पोलीसबाईनं नजर टाकली, जा म्हणे." मग आवाज बारीक झाला. "उकंडाभाऊच्या घरचं लोणचं तेवढं ठेवून घेतलं, तेल होतं म्हून. त्यायले सांगू नोको बरं. रुपालीनं बोटं चाटून खाल्लं म्हणजो."